कंद मातीतच राहू द्या

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मिरग लागला. तुमच्यापैकी कुणी भाताचे तरवे टाकून मोकळ्या झाल्या असाल, कुणाची अजून धांदल चालू असेल. हातातलं काम थांबवू नका, करता करता ऐका. आज आम्ही एका लहानशा रानफुलाबद्दल बोलणार आहोत. फुलाबद्दल म्हणजे खरं तर त्याच्या कंदाबद्दल, आणि त्या कंदापायी आमच्या गटाच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

माइकसमोर बसलेली एकच असली तरी हे बोलणं गटातल्या अकराजणींचं आहे. काय सांगायचं आणि किती सांगायचं हे बैठकीत बसून ठरवलंय. म्हणून ‘आम्ही’ म्हणतोय.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरात. गावाच्या वर सडा आहे, जांभ्या दगडाचा. एप्रिल-मेमध्ये तुम्ही तिथं आलात तर म्हणाल, इथं काय उगवणार? पाय भाजतात अशी जागा. पण दोन चांगले पाऊस पडले की सडा हिरवा होतो आणि मग दर पंधरा दिवसांनी त्याचा रंग बदलतो.

जूनच्या शेवटाला तिथल्या गवतात एक लहान झाड वर येतं. त्याला बहुधा एकच पान. गोलसर, जमिनीला चिकटलेलं, भाकरी थापून ठेवल्यासारखं. पानाच्या मधून वीतभर दांडी आणि तिच्यावर दोन-तीन पांढरीशुभ्र फुलं. आम्ही आपसांत त्याला ‘एकपानी’ म्हणतो. श्रावण-भाद्रपदात तिची दुसरी बहीण येते. हिची फुलं दांडीच्या एकाच अंगाला, दातांसारखी ओळीनं लागतात. फुलं बघायला शहरातून येणारे तिला ‘टूथब्रश ऑर्किड’ म्हणतात. आम्हाला ती फणी वाटते. तिसरी बहीण उंच असते, तिच्या प्रत्येक फुलाला मागे बोटाहून लांब हिरवट शेपटी लोंबते.

या सगळ्या एकाच घराण्यातल्या. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. झाडाच्या फांदीवर वाढणारी, गुलाबी गजऱ्यासारखी लोंबणारी सीतेची वेणी तुम्ही पाहिली असेल, तीही आमरीच. पण आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या झाडावर वाढत नाहीत. त्या जमिनीत राहतात. शास्त्रात त्यांच्या घराण्याला हॅबेनारिया म्हणतात. हे नाव विल्डेनोव्ह नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८०५ साली दिलं. लॅटिन भाषेत ‘हॅबेना’ म्हणजे चामड्याची वादी, लगाम. फुलामागची ती लांब शेपटी पाहून हे नाव पडलं. आपल्याकडच्या बाईनं नाव ठेवलं असतं तर ‘कासरा’ ठेवलं असतं!

जगभर या घराण्याच्या आठशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच आपल्या सह्याद्रीत आहेत. एकीला तर आपल्या पाचगणीचं नाव आहे, हॅबेनारिया पाचगणिएन्सिस. ती पश्चिम घाटाबाहेर जगात कुठं सापडत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी कापडिया यांनी तिला हे नाव दिलं. १९६६ साली त्यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक छापून आलं, त्यात त्या काळच्या मुंबई राज्यातल्या आमरींची नोंद आहे.

आता चुकीची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमच्या गावात एक व्यापारी आला. औषधी मुळ्या घेतो म्हणाला. त्याच्या पिशवीत वाळलेले कंद होते. ‘सालम म्हणून खपतात, ताकदीच्या औषधात जातात, तुमच्या सड्यावर भरपूर आहेत,’ असं त्यानं सांगितलं. किलोला जो भाव सांगितला तो आमच्या चार दिवसांच्या मजुरीएवढा होता.

त्या वर्षी आमच्या गटानं शेळ्यांसाठी कर्ज काढलं होतं आणि तीन शेळ्या आजारानं गेल्या होत्या. बँकेचे हप्ते थकले होते. एकीला मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. सडा आमच्यातल्याच एकीच्या मालकीचा. कुणाची चोरी नाही, कुणाचं नुकसान नाही, असं वाटलं. बैठकीत विषय निघाला आणि दहा मिनिटांत ठरलंसुद्धा. इतिवृत्तात एक ओळ लिहिली, ‘कंद काढून विकणे, सर्वानुमते मंजूर.’

सर्वानुमते म्हणणं खरं नव्हतं. आमच्या गटात एक म्हाताऱ्या आहेत, सगळे त्यांना जिजी म्हणतात. त्या म्हणाल्या होत्या, ‘पोरींनो, ते काय बटाटं हाय का, पुन्हा लावायला? दरसाल तितकंच येतंय, कधी वाढल्यालं बघितलंय का?’ आम्ही हसलो. जिजींचं बोलणं इतिवृत्तात लिहिलं नाही.

मग पाच दिवस आठजणी खुरपी घेऊन सड्यावर. कंद कधी काढले? फुलं चालू असताना. कारण फूल असल्याशिवाय झाड गवतात सापडत नाही. पहिल्या दिवसाचे पाटीभर कंद वाळले तेव्हा ओंजळभर झाले. त्यात पाणीच जास्त. त्या ओंजळीमागे किती झाडं गेली याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. बचतगटात रुपया-रुपयाचा हिशेब ठेवणाऱ्या बायका आम्ही, पण तो ठेवला नाही.

व्यापारी आला, माल बघितला, म्हणाला काळे पडलेत, अर्धाच भाव. उरलेले पैसे पुढच्या खेपेला म्हणाला. ती खेप आली नाही. दोन हप्ते फिटले, तेवढंच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही सड्यावर गेलो. जिथं पाऊल टाकताना फुलं चुकवावी लागत, तिथं मोजून सात एकपानी होत्या. पलीकडच्या अंगाला, जिथपर्यंत आमची खुरपी पोचली नव्हती, तिथं मात्र दरसालसारखीच पांढरी चादर. मधली हद्द अशी दिसत होती की कुणी बांध घातलाय. कुणीच काही बोललं नाही. जिजी आमच्याबरोबर होत्या, त्याही बोलल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना बोलावलं. विचारलं, पुन्हा लावता येईल का? बियाणं कुठं मिळेल? त्या सड्यावर आल्या. एका झाडाच्या बाजूची माती त्यांनी बोटांनी हळूच सारली. झाड उपटलं नाही. आणि म्हणाल्या, ‘वाकून बघा.’

खाली दोन कंद होते. एक सुरकुतलेला, मऊ पडलेला. दुसरा त्याला लागूनच, गोरा, टणक, पण अजून लहान. सुरकुतलेला कंद गेल्या वर्षीचा. त्यात साठवलेल्या अन्नावर यंदाचं पान आणि फूल वर आलं, म्हणून तो रिकामा होत चालला होता. टणक कंद पुढच्या वर्षाचा. पान उन्हात जे अन्न करतं ते या नव्या कंदात भरतं. पावसाळा संपला की पान, दांडी सगळं वाळून जातं. जुना कंद कुजतो. नवा कंद मात्र आठ महिने, मेच्या उन्हातसुद्धा, तापल्या सड्याच्या भेगेतल्या मूठभर मातीत जिवंत असतो आणि मिरगाची वाट बघतो. बाईंनी माती पुन्हा सारखी केली आणि वर ओली पानं दाबली.

आमच्यातल्या काहीजणींच्या माहेरी हळद असते. हळदीचा एक गड्डा लावला की त्याला हळकुंडं फुटतात. बियाणं राखायचं, उरलेलं विकायचं. एकपानीचं तसं नाही. तिचा एक कंद खर्च होतो आणि बहुधा त्या जागी एकच तयार होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर जमा एक, खर्च एक, शिल्लक शून्य. आम्ही जी काढली ती शिल्लक नव्हती, ती मुद्दल होती. जिजींनी हेच सांगितलं होतं. दरसाल तितकंच येतं, याचा अर्थ वाढावा काही नाही.

आणि आम्ही तर ऐन फुलात खणलं. म्हणजे जुना कंद गेला, नवा भरण्याआधी गेला आणि बीही धरू दिलं नाही.

मग एकीनं विचारलं, बियांपासून तरी येईल ना? बाईंनी आदल्या वर्षीचं एक वाळलेलं बोंड कागदावर झटकलं. पिठाची धूळ उडावी तसं काहीतरी पडलं. ते बी! एका बोंडात हजारो बिया असतात. आम्हाला वाटलं, मग काय अडचण? पण ऐका. ज्वारीच्या दाण्यात पीठ असतं. हरभऱ्याची डाळ असते. ते पीठ, ती डाळ म्हणजे कोवळ्या कोंबाची शिदोरी. मुळं धरेपर्यंत कोंब तीच खातो. आमरीच्या बीला शिदोरीच नाही. हलकं असल्यानं ते वाऱ्यावर लांब जातं, पण पोचतं ते उपाशी.

मग ते जगतं कसं? जमिनीत एक बुरशी असते. पिकावर रोग पाडणारी नव्हे, मातीत धाग्यांसारखी पसरलेली. तिचा धागा बीमध्ये शिरला तर बी तिच्याकडून अन्न घेतं, फुगतं आणि हळूहळू जमिनीखालीच वाढायला लागतं. पहिलं हिरवं पान वर यायच्या आधी त्याला बराच काळ या परक्या घरच्या जेवणावर काढावा लागतो. ही गोष्ट १८९९ साली नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच तरुणानं शोधून काढली. जंगलात आमरीची कोवळी रोपं त्याला सापडली आणि त्या सगळ्यांमध्ये बुरशी शिरलेली दिसली. तोपर्यंत युरोपातले माळी आमरीचं बी पेरून पेरून कंटाळले होते, उगवण का होत नाही हे नीटसं कळत नव्हतं.

पुढे १९२२ साली अमेरिकेतल्या लुईस नड्सन यांनी दाखवलं की काचेच्या बाटलीत, जंतू नसलेल्या साखरेच्या खिरीवर आमरीचं बी बुरशीशिवायही रुजवता येतं. बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या आमरी अशाच बाटल्यांतून येतात. पण त्यासाठी प्रयोगशाळा लागते. आपल्या परसात, कुंडीत, शेणखत घालून हे जमत नाही. हजारो बियांतलं एखादंच नेमक्या मातीत, नेमक्या बुरशीशेजारी पडतं. म्हणून आम्ही उकरलेल्या जागी ती लवकर परत येणार नाही. आणि उकरताना मातीतले ते बुरशीचे धागेही आम्हीच तोडले.

आता फुलाच्या शेपटीबद्दल. त्या लांब नळीच्या टोकाला मध असतो. मधमाशीची जीभ तिथपर्यंत पोचत नाही. पोचते ती मोठ्या रात्रपतंगाची लांब सोंड. म्हणून तर यातल्या पुष्कळ जातींची फुलं पांढरी असतात, अंधारात दिसावीत अशी, आणि काहींचा वास संध्याकाळनंतर सुटतो. पतंग फुलासमोर भिरभिरत सोंड आत घालतो, शेवटचा थेंब मिळावा म्हणून डोकं फुलाला टेकवतो. त्या वेळी परागाच्या दोन चिकट पुरचुंड्या त्याच्या सोंडेला नाहीतर थेट डोळ्यांना चिकटतात. मोकळी पूड नव्हे, बांधलेली पुरचुंडी. दुसऱ्या फुलावर डोकं टेकलं की ती तिथं लागते आणि फुलाचं लग्न लागतं. पतंगाची गाठ पडली नाही तर अनेक फुलं बोंड न धरताच सुकतात.

चार्ल्स डार्विन यांचं नाव तुमच्या मुलांच्या पुस्तकात असतं. त्यांच्याकडे मादागास्कर बेटावरची एक आमरी आली. आपल्या आमरीची लांबची नातलग, झाडावर वाढणारी. तिची मधाची नळी जवळजवळ फूटभर. त्यांनी १८६२ साली लिहिलं की इतक्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. लोकांना हे पटेना. डार्विन १८८२ साली वारले. तसा पतंग सापडल्याचं १९०३ साली प्रसिद्ध झालं. नळी पाहून पतंग ओळखावा, इतकं या दोघांचं एकमेकांवाचून अडतं.

म्हणजे बघा, एका एकपानीच्या मागे किती जण उभे आहेत. मातीतली बुरशी, रात्रीचा पतंग, मिरगाचा पाऊस. आम्ही खुरप्यानं त्यांची सगळ्यांची जोडणी एका दुपारी मोडली.

मग बाजाराला हे कंद हवेत तरी कशाला? बाईंनी सांगितलं ते ऐकून बैठकीत हशा पिकला, पण सांगायला हवं. ‘ऑर्किड’ हा शब्द ग्रीक भाषेतला आहे. शेजारी शेजारी असणारे ते दोन गोल कंद पाहून जुन्या ग्रीक लोकांना पुरुषाच्या अंडकोषांची आठवण झाली आणि त्यांनी तेच नाव ठेवलं. जे दिसतं त्यालाच ते उपयोगी, अशी तेव्हाची समजूत. म्हणून हे कंद ताकदीचे, पौरुषाचे, असा बोलबाला झाला. तुर्कस्तानात तिथल्या आमरींच्या कंदांच्या पिठाला सालेप म्हणतात. दुधात घालून पितात, आइस्क्रीममध्ये घालतात. एक किलो वाळल्या पिठाला हजार ते चार हजार कंद लागतात, असं सांगतात. एक कंद म्हणजे एक झाड, हे लक्षात ठेवा. तिथल्या सरकारला रानातल्या कंदांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. आपल्या व्यापाऱ्यानं सांगितलेलं ‘सालम’ याच सालेपचं भावंड.

आयुर्वेदातही यांचं नाव आहे. अष्टवर्ग म्हणजे आठ औषधी वनस्पती. त्यातल्या ऋद्धी आणि वृद्धी म्हणजे हिमालयातल्या हॅबेनारियाच्या दोन जाती, असं मानतात. पण सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथातच म्हटलंय की अष्टवर्ग राजालाही मिळणं कठीण, म्हणून त्याऐवजी दुसऱ्या वनस्पती वापराव्यात. ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद सांगितला आहे. वाराहीकंद म्हणजे आपला कडू करांदा! वेलावर करांदे लागतात, तेच पडून पुन्हा रुजतात. म्हणजे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांना जे कळत होतं, ते ऐकायला आपण अजून तयार नाही. इथं एक सूचना. करांदा औषध म्हणून घरच्या घरी कुणी खाऊ नका. कडू जातीनं अपाय होतो. औषध वैद्यांना विचारूनच.

आता एक लांबची गोष्ट, पण आपल्यासारख्याच बायकांची. आफ्रिकेत झांबिया देश आहे. तिथं चिकंडा नावाचा पदार्थ करतात. आमरीचे कंद वाळवून कुटायचे, त्यात शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ घालून शिजवायचं आणि वडीसारखं कापून बाजारात विकायचं. त्या कंदांत हॅबेनारियाही असते. पूर्वी ते गावाकडचं, हंगामातलं खाणं होतं. मग शहरात मागणी वाढली. झांबियातली कुरणं रिकामी होत गेली तसे व्यापारी शेजारच्या टांझानियात पोचले. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या पाहणीत असा अंदाज निघाला की टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतून वर्षाला वीस ते चाळीस लाख कंद बाहेर जात होते. तिथं किटुलो नावाचं फुलांचं पठार आहे. तिथले लोक त्याला ‘देवाची बाग’ म्हणतात. शेवटी २००५ साली ते पठार राष्ट्रीय उद्यान करून राखावं लागलं.

हे ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, ‘त्या बायकांचंही कर्जच असणार गं.’ असेलही. कंद खणणाऱ्या बाईला आम्ही नावं ठेवणार नाही. ती आम्हीच होतो. पण चुकीचा व्यवहार कोणता, हे आता आम्हाला कळतं. ज्यात मुद्दल आपलं जातं, नफा दुसऱ्याचा होतो आणि पुढच्या वर्षी विकायला काही उरत नाही, तो.

कायद्याचंही सांगते ती बाई, म्हणून आम्ही लिहून घेतलं. वनखात्याच्या जागेतून परवानगीवाचून काहीही खणणं गुन्हा आहे. जगातल्या सगळ्या आमरींच्या परदेशी व्यापारावर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे आणि भारत त्या करारात आहे. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिनं गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यापक्ष्यांची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. आमच्या गावात ती वही होती, कपाटात. आम्ही ग्रामसभेत ती मागितली. सड्याचं पान काढलं आणि त्यात एकपानी, फणी, शेपटीवाली, सगळ्या लिहायला लावल्या. कुठल्या महिन्यात फुलतात, कुठं असतात, कुणी सांगितलं, हेही. सांगणाऱ्यांत पहिलं नाव जिजींचं आहे.

गटाच्या इतिवृत्तात नवा ठराव केला. सड्यावरचा कोणताही कंद विक्रीसाठी काढायचा नाही, आणि कुणी व्यापारी आला तर एकटीनं बोलायचं नाही, बैठकीत आणायचं. त्याखाली जिजींचं बोलणं आता लिहिलंय, जसं बोलल्या तसं.

हप्त्यांचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. झटकन फिटले नाहीत. गटातून अंतर्गत कर्ज काढलं, नाचणीचे पापड आणि सत्त्व करून आठवडी बाजारात विकलं, पुढचा मे उजाडेपर्यंत ओढाताण झाली. पण फिटले. नर्सिंगची फी निम्मी आम्ही वर्गणीनं भरली. ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे.

फुलं जमिनीत ठेवूनही चार पैसे मिळू शकतात, हे आपल्या जिल्ह्यातच दिसतं. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथं साडेआठशेहून जास्त जातींच्या फुलझाडांची नोंद आहे, त्यात आमरीही आहेत. आजूबाजूच्या गावांच्या समित्या प्रवेश शुल्क घेतात, गावातल्या लोकांना हंगामात काम मिळतं. तिथंही गर्दीचे, तुडवण्याचे प्रश्न आहेत, सगळं गोड आहे असं नाही. आमचा सडा कासएवढा नाही आणि आम्हाला तिथं गर्दी नकोच आहे. गेल्या श्रावणात शाळेची मुलं आणली, कडेकडेनं चालवली, एवढंच केलं.

आता तुम्हाला तीन गोष्टी सांगून थांबतो. पहिली, येत्या पंधरवड्यात आपल्या माळावर, सड्यावर, देवराईत एक चक्कर मारा. जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान आणि मधून पांढऱ्या फुलांची दांडी दिसली तर तीच एकपानी. पान तोडू नका. तिच्याजवळ एकच पान आहे, आणि पुढच्या वर्षाचा कंद तेच भरतं. दुसरी, घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा की त्यांच्या लहानपणी हिला काय म्हणायचे. नाव लिहून ठेवा आणि तुमच्या गावच्या नोंदवहीत घाला. तिसरी, कुणी कंदांचा भाव सांगायला आला तर आधी एवढंच विचारा की एका किलोला किती झाडं लागतात. आम्ही ते विचारलं नव्हतं.

आमच्या उकरलेल्या जागेवर यंदा किती उगवतात ते आम्ही मोजणार आहोत. गेल्या वर्षी सात होत्या. जुलैच्या शेवटी सड्यावर जाऊ, आणि आकडा याच रेडिओवर सांगू. वाढला असला तरी, नसला तरी.